जंताचं औषध दिलं, रिपोर्ट निगेटिव्ह आला, तरी मांजराला पुन्हा जंत: नेमकं कुठे शोधायचं?

आमची ठमी अडीच वर्षांची भाटी. आम्ही ठाण्यात तळमजल्यावर राहतो, मागे थोडी मातीची जागा आहे, त्यामुळे ती दिवसातून दोनदा खिडकीतून बाहेर जाऊन येते. गेल्या वर्षी जानेवारी ते ऑगस्टमध्ये तिला चार वेळा जंताचं औषध दिलं. दर वेळी काही दिवस सगळं स्वच्छ, आणि तीन-साडेतीन आठवडे झाले की तिच्या गोधडीवर पुन्हा पांढरे दाणे. मधे दोनदा शी तपासून आणली. दोन्ही रिपोर्टांवर एकच ओळ: जंताची अंडी आढळली नाहीत.

मी आधी औषधावर संशय घेतला, मग लॅबवर. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. औषधाने जंत मरत होते आणि लॅबच्या काचेवर खरोखरच अंडी नव्हती. तिच्या पोटात कोणता जंत आहे, हे मात्र आम्ही कुणीच विचारलं नव्हतं. मांजराच्या आतड्यात राहणारे जीव बरेच आहेत. त्यातले काही विष्ठेत सापडतात, काही गोधडीवर, आणि काहींसाठी वेगळी तपासणी मागावी लागते. हे कळायला मला आठ महिने लागले, तुम्हाला लागू नयेत म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

आधी हिरड्या बघा

मांजराचा ओठ हलकेच वर उचला. हिरड्या गुलाबी असतील तर शोध घ्यायला वेळ आहे. त्या पांढरट दिसत असतील, शी डांबरासारखी काळी होत असेल, पिल्लू मलूल पडलेलं असेल किंवा पोट टम्म फुगून ओकारीत जंत येत असतील, तर हे वाचणं इथेच थांबवा आणि डॉक्टरकडे जा. अंकुशकृमी (हूकवर्म) नावाचे बारीक जंत आतड्याला दात रोवून रक्त पितात. अर्ध्या किलोच्या पिल्लाच्या अंगात रक्त असतं जेमतेम ३० मिलिलिटरच्या आसपास. पिसवा खूप झाल्या तरी पिल्लाची हीच गत होते. तिथे एक दिवसही मोठा असतो.

तुम्हाला दिसतंय काय?

उकडलेल्या शेवयांसारखे, ३ ते १० सेंटिमीटर लांब, स्प्रिंगसारखे वेटोळे झालेले जंत ओकारीत किंवा शीमध्ये दिसले, तर ते गोलजंत. मांजरांमधला नेहमीचा गोलजंत म्हणजे टॉक्सोकारा कॅटी. भाताच्या शितासारखे किंवा काकडीच्या बीसारखे चपटे दाणे शेपटीखालच्या केसांत किंवा अंथरुणावर दिसले, तर तो पट्टकृमीचा, म्हणजे फितीसारख्या लांब जंताचा (टेपवर्म) तुकडा. काहीच दिसत नाही, पण जुलाब चालू आहेत किंवा वजन उतरतंय, तर अंकुशकृमी किंवा एकपेशीय जीव असू शकतात. अंकुशकृमी जेमतेम सेंटिमीटरभर आणि दोऱ्यासारखे बारीक असतात, ते नुसत्या डोळ्यांना शीमध्ये सहसा दिसत नाहीत.

एक गल्लत फार होते. बाहेर पडलेल्या, दुपारपर्यंत तशीच राहिलेल्या शीमध्ये वळवळणाऱ्या अळ्या दिसतात आणि माणूस घाबरतो. त्या माशीच्या अळ्या असतात, नंतर आलेल्या. म्हणून शी ताजी असतानाच बघा. काही दिसलं तर शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून फोटो काढा आणि ती वस्तू फेकून न देता छोट्या डबीत थोड्या मीठ-पाण्यात घालून त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. फोटोपेक्षा ती डबी कितीतरी जास्त सांगते.

रिपोर्ट निगेटिव्ह, दाणे मात्र रोज

ऑगस्टच्या शेवटी एका सकाळी सहाच्या सुमाराला ठमी उठून गेली आणि गोधडीवर एक दाणा राहिला. तो हलत होता. एक टोक लांबट व्हायचं, मग सगळा दाणा आखडून जाड व्हायचा, पुन्हा लांबट. एवढं करत तो गोधडीच्या दोन टाक्यांमधलं अंतर सरकला. तासाभराने पाहिलं तर वाळून पिवळट तिळासारखा झाला होता. तोवर दुसरा एक सापडला, तो डबीत घातला आणि थेट डॉक्टरकडे गेले.

डॉक्टरबाईंनी तो काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवला, वरून कव्हरस्लिप दाबली आणि मला सूक्ष्मदर्शकातून बघायला लावलं. आत गोल गोल अंड्यांचे पुंजके होते, एकेका पुंजक्यात दहा-पंधरा अंडी एकमेकांना धरून, मोतीचुराच्या लाडवासारखी. "ताई, ही अंडी शीमध्ये मिसळून येतच नाहीत," त्या म्हणाल्या. "दाणा स्वतः चालत बाहेर येतो, अंडी पोटात घेऊन."

माझ्या दोन्ही निगेटिव्ह रिपोर्टांचं उत्तर एवढंच होतं. डिपायलिडियम कॅनिनम नावाच्या या पट्टकृमीचे पिकलेले तुकडे तुटून सुटे होतात, गुदद्वारातून बाहेर सरकतात आणि केसांना, गोधडीला चिकटतात. अंडी तुकड्याच्या आतच राहतात. विष्ठेचा नमुना नेहमीच्या पद्धतीने तपासला तर बहुतेक वेळा काही मिळत नाही. त्याचा शोध घ्यायची जागा म्हणजे शेपटीखालचे केस आणि अंथरूण. मी आता ठमीच्या जागेवर गडद निळी चादर घालते. फिकट गोधडीवर इतके महिने काय काय निसटलं असेल, देव जाणे.

मग जंत परत येत का होते? कारण पिसू. या पट्टकृमीची अंडी पिसवेची अळी खाते, पिसवेच्या अंगात त्यांची पुढची वाढ होते, आणि मांजर अंग चाटताना ती पिसू गिळतं. तिथून दोन-तीन आठवड्यांत नवे दाणे पडायला लागतात. प्राझिक्वांटेल हे औषध आतड्यातला पट्टकृमी नीट मारतं, पण दिल्यानंतर त्याचा पहारा राहत नाही. दुसऱ्या दिवशी नवी पिसू गिळली की नवा हिशोब सुरू. आमचे ते तीन-साडेतीन आठवडे हेच सांगत होते, आम्ही ते ऐकत नव्हतो.

"पण आमच्या मांजराला पिसवा नाहीत," हे मीही म्हणाले होते. ठमीच्या अंगावर एकसुद्धा दिसत नव्हती. मांजर स्वतःला इतकं चाटतं की पुरावाच गिळून टाकतं. त्यासाठी बारीक दातांची फणी घ्या, शेपटीच्या मुळाशी आणि मानेवर फिरवा, निघालेला कचरा ओल्या पांढऱ्या टिश्यूवर झटका. काळे कण भोवती तांबूस डाग सोडायला लागले, तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. माती असती तर तांबडी झाली नसती. ठमीच्या टिश्यूवर मिनिटभरात सात-आठ तांबूस ठिपके उमटले.

पिसवांचा बंदोबस्त घरातल्या सगळ्या प्राण्यांना एकाच वेळी आणि किमान तीन महिने करायचा. मोठ्या पिसवा अंगावर राहतात, पण अंडी, अळ्या आणि कोष गोधडीत, पलंगाखाली, फरशीच्या फटीत असतात, आणि कोषातली पिसू औषधांना दाद देत नाही, आठवडेच्या आठवडे थांबून मग बाहेर येते. अंथरुणं गरम पाण्यात धुणं आणि कोपऱ्यांतून व्हॅक्यूम फिरवणं हा औषधाइतकाच महत्त्वाचा भाग आहे. पावसाळ्यातल्या दमट हवेत तर जास्तच.

आणि हात जोडून एक विनंती: कुत्र्याच्या मानेवर टाकायचं पिसवांचं औषध मांजराला कधीही लावू नका. त्यातल्या कित्येकांत पर्मेथ्रिन असतं. कुत्र्याला ते चालतं, मांजराच्या यकृताला ते निकामी करता येत नाही. अंग थरथरायला लागतं, झटके येतात, मांजर जातं. डबीवर मांजराचं चित्र आणि वजन लिहिलेलं नसेल तर ती घरात आणू नका.

बाहेर शिकार करणाऱ्या बोक्यांमध्ये दुसरा एक पट्टकृमी सापडतो, टिनिया टिनीफॉर्मिस. तो उंदरातून येतो. त्याचे तुकडे काकडीच्या बीसारखे निमुळते नसतात, चौकोनाकडे झुकतात. औषध तेच, पण इथे पिसवा मारून उपयोग नाही, बोक्याची उंदरांची वाट बंद करावी लागते. म्हणून दाणा काचेखाली बघून घेणं मी महत्त्वाचं मानते.

गोळी खरंच पोटात गेली का?

हे विचारायला संकोच वाटतो, पण विचारा. प्राझिक्वांटेल कडू असतं, मांजराच्या तोंडाला फेस येतो आणि ते गोळी गालात धरून ठेवतं. आमच्या सोफ्याखाली झाडताना अर्धी गोळी सापडली, मे महिन्याच्या डोसची. तेव्हापासून गोळी दिली की सिरिंजने थोडं पाणी पाजते आणि दहा मिनिटं तिच्याजवळ बसते. वजनाचंही तसंच. सहा महिन्यांपूर्वीच्या वजनावर डोस काढू नका. मांजराला कुशीत घेऊन काट्यावर उभं राहा, मग एकट्या उभं राहा आणि वजाबाकी करा. पिल्लाला स्वयंपाकघरातल्या काट्यावर पातेल्यात बसवा.

औषधात काय आहे तेही वाचा. नुसतं पायरँटेल असलेलं औषध गोलजंत आणि अंकुशकृमींवर चालतं, पट्टकृमीला त्याने काही होत नाही. "जंताचं औषध दिलंय" या वाक्याला तोवर अर्थ नाही, जोवर कोणतं आणि कोणत्या जंतावर हे माहीत नाही.

लसूण देऊ नका. जंतावर घरगुती उपाय म्हणून पुष्कळ जण सांगतात, पण लसूण आणि कांदा मांजराच्या तांबड्या पेशी फोडतात. मुलांना वावडिंग देतात म्हणून मांजरालाही देणारी घरं मी पाहिली आहेत. एवढ्याशा जिवावर मी तसा प्रयोग करणार नाही.

नमुना नीट गेला तरच रिपोर्टला किंमत

गोलजंत, अंकुशकृमी आणि एकपेशीय जीव शोधायला विष्ठेची तपासणीच लागते, आणि तिथे निम्मं काम आपल्या हातात असतं.

नमुना मोठ्या बोराएवढा तरी हवा. काडीच्या टोकावर मावेल एवढा दिला तर लॅबवाल्यांचा नाइलाज होतो. शी त्याच दिवसाची असावी, शक्यतो काही तासांतली. घट्ट झाकणाच्या डबीत घालून नेईपर्यंत फ्रिजच्या खालच्या भागात ठेवा, फ्रीझरमध्ये नाही. आपल्याकडच्या उन्हात बाहेर ठेवलेल्या नमुन्यात अंकुशकृमीची अंडी दिवसभरात फुटून अळ्या निघतात आणि मग ओळख पटवणं अवघड होतं. जिआर्डियाचे (हा जुलाब करणारा एकपेशीय जीव) जिवंत जीव तर त्याहून लवकर मरतात. शीला चिकटलेली गोळे होणारी रेती जेवढी काढता येईल तेवढी काढा, ती नमुन्यातला ओलावा शोषून घेते.

घरात दोन मांजरं असतील आणि शी कुणाची हे कळत नसेल, तर एकाला रात्रभर वेगळ्या खोलीत, वेगळ्या ट्रेसह ठेवा. सगळ्यांचा मिळून एकच नमुना देऊ नका.

आता लॅबला काय विचारायचं. थेट काचेवर शी पसरून बघणं ही एक पद्धत. त्यात शिताच्या टोकावर मावेल इतकीच विष्ठा काचेखाली येते, थोडी अंडी असतील तर सहज चुकतात. दुसरी पद्धत तरंगवण्याची, म्हणजे फ्लोटेशन. विष्ठा मिठाच्या, साखरेच्या किंवा झिंक सल्फेटच्या जड द्रावणात कालवतात. अंडी त्या द्रावणापेक्षा हलकी असल्यामुळे वर येतात आणि कव्हरस्लिपला चिकटतात. नमुना सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून घेतला तर नुसत्या तरंगवण्यापेक्षा बरीच जास्त अंडी हाती लागतात. म्हणून विचारा, "फ्लोटेशन करता का, आणि सेंट्रिफ्यूज करून करता का?" द्रावणानेही फरक पडतो. साखरेच्या दाट पाकात जिआर्डियाच्या पुटिका, म्हणजे कवचात बंद झालेले जीव (सिस्ट), चेपून जातात, त्यांच्यासाठी १.१८ घनतेचं झिंक सल्फेट बरं.

जवळच्या लॅबमध्ये हे होत नसेल तर पशुवैद्यक महाविद्यालयं आठवा. परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथल्या महाविद्यालयांत परोपजीवीशास्त्राचे विभाग आहेत, तिथे सकाळी चौकशी करून जा.

आणि एका निगेटिव्ह रिपोर्टवर विसंबू नका. अंडी आणि पुटिका रोज पडत नाहीत. दिवसाआड तीन नमुने दिले तर चित्र बरंच स्पष्ट होतं.

जंत नाहीत, तरी जुलाब थांबत नाहीत

मैत्रिणीने सोसायटीच्या जिन्यातून उचललेलं पिल्लू, तीन महिन्यांचं. जंताचं औषध दोनदा झालं, शी तरी पातळच. तिसऱ्या नमुन्यात कॉक्सिडिया निघाले, म्हणजे सिस्टोआयसोस्पोरा. तो एकपेशीय जीव. पायरँटेल, प्राझिक्वांटेल यांचा त्याच्यावर काहीच परिणाम होत नाही, औषध वेगळं लागतं. गर्दीत, ओलसर जागी वाढलेल्या पिल्लांत तो फार दिसतो.

जिआर्डियाची शी पातळ, फिकट, चिकट, उग्र वासाची असते. तो कधी पडतो, कधी नाही, म्हणून तिथे तीन नमुने किंवा प्रतिजन (त्या जीवाची प्रथिनं) ओळखणारी झटपट पट्टी-चाचणी उपयोगी पडते. मांजर बरं झाल्यावरही ही चाचणी काही आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते, त्यामुळे नुसत्या पट्टीवरच्या रेघेकडे बघून पुन्हा औषध सुरू करू नका.

आणि एक जीव बहुतेकांच्या लक्षातच येत नाही: ट्रायट्रायकोमोनास फीटस. खूप मांजरं एकत्र असलेल्या घरातलं तरुण मांजर, महिनोन्‌महिने शेणासारखी मऊ दुर्गंधी शी, त्यात आव, कधी रक्ताची रेघ, गुदद्वार लालसर, आणि तरीही मांजर खेळतंय, खातंय. हा जीव तरंगवण्याच्या पद्धतीत दिसत नाही, त्याला पुटिकाच नसते. ताज्या शीत हलताना दिसला तर जिआर्डिया समजून बसण्याची शक्यता असते. खात्रीची तपासणी म्हणजे पीसीआर, त्यात त्या जीवाचा डीएनए शोधतात. काचेखाली जिवंत बघायचा असेल तर हा नमुना फ्रिजमध्ये ठेवायचा नाही, थंडीने तो मरतो. आधी प्रतिजैविकं चालू असतील तर डॉक्टरांना सांगा, त्यांनी तो काही काळ दडून बसतो.

पिल्लांचं गणित वेगळं

टॉक्सोकाराच्या अळ्या आईच्या स्नायूंत दबून असतात आणि दुधावाटे पिल्लांत उतरतात. भाटीला दिलेलं नेहमीचं औषध आतड्यातल्या जंतांवर चालतं, स्नायूंतल्या अळ्यांपर्यंत पोचत नाही. म्हणून घरातच जन्मलेल्या, बाहेरची माती न पाहिलेल्या पिल्लालाही जंत होतात. पिल्लाच्या आतड्यात जंत मोठे होऊन अंडी घालू लागायला साधारण सात-आठ आठवडे जातात. चार-पाच आठवड्यांच्या पिल्लाचा निगेटिव्ह रिपोर्ट म्हणूनच काहीच सांगत नाही. तिथे तपासणीची वाट न बघता, तिसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी औषध सुरू करतात आणि दूध तुटल्यानंतरही पंधरा दिवसांनी एकदा देतात. आईलाही त्याच दिवशी. डोस डॉक्टरांनीच काढायचा, पिल्लाच्या ग्रॅममधल्या वजनावर.

ट्रे, माती आणि माणसं

टॉक्सोकाराची अंडी पडल्यापडल्या लागण करत नाहीत, मातीत दोन ते चार आठवडे पिकतात आणि मग वर्षानुवर्षं टिकतात. नेहमीच्या जंतुनाशकांना ती जुमानत नाहीत. ट्रे रोज साफ करणं आणि धुतल्यावर उकळतं पाणी ओतणं हाच खरा उपाय. फिनाईल वापरू नका. जंताची अंडी त्याने मरत नाहीत आणि पंजावरून चाटलेलं फिनाईल मांजराला विषारी आहे.

घरात कुणी गरोदर असेल तर टॉक्सोप्लाझ्माची (मांजराच्या शीतून पसरणारा, पोटातल्या बाळाला धोक्याचा एकपेशीय जीव) भीती सगळे घालतात आणि मांजर बाहेर काढायला सांगतात. पहिली लागण झालेलं मांजर एक ते तीन आठवडे त्याच्या पुटिका टाकतं, आणि त्या पुटिकांना लागण करण्याइतकं पिकायला किमान एक दिवस लागतो. ट्रे दुसऱ्या कुणीतरी रोज साफ केला, मातीत काम करताना हातमोजे घातले, मटण पूर्ण शिजवलं, भाजी नीट धुतली, तर मांजराला घर सोडावं लागत नाही. लहान मुलं वाळूत, मातीत खेळून आली की जेवायच्या आधी साबणाने हात धुवा. गोलजंताच्या अळ्या माणसाच्या डोळ्यापर्यंत पोचल्याची उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत.

ठमीला सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात प्राझिक्वांटेल दिलं आणि त्याच दिवशी पिसवांचं औषधही, दर महिन्याला. निळी चादर रोज सकाळी बघत होते. चार आठवडे झाले, आठ झाले, एकही दाणा नाही. डिसेंबरात पुन्हा एक दिसला. ठमीची फणी स्वच्छ निघाली, म्हणून शेजारच्या काकूंच्या बोक्याला फणी लावली. तो दुपारी आमच्याच चादरीवर झोपायला येतो. टिश्यूवर तांबूस ठिपके. त्याचं पिसवांचं औषध ऑक्टोबरातच थांबलं होतं. दोघांना एकाच दिवशी पुन्हा औषध दिलं, आणि आता त्याच्या तारखाही आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, ठमीच्या खालच्या ओळीत लिहिल्या आहेत.